कोऱ्या पत्त्यावर आईची शपथ

शिरूरच्या हायस्कुलात मी इतिहास शिकवायला लागलो तेव्हा माझ्या तासाला पोरं झोपायची. घोरायची नाहीत, तेवढी रीत होती त्यांच्यात. पण डोळे उघडे ठेवून झोपण्याची एक कला असते, ती माझ्या वर्गात फार चांगली फुलली होती. जेवणानंतरचा तास, वर पत्रा, समोर मी. एकदा तर शिकवता शिकवता माझाच डोळा लागला आणि पानिपत मी एकाच तासात दोनदा हरलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच पानिपतानंतर पुण्याच्या दरबारात एक मोठी भानगड झाली होती. लढाईत जे सेनापती पडले, त्यांचं प्रेत नीट कुणी ओळखलं नाही, आणि मग काही वर्षांनी एक माणूस उभा राहिला की मी पडलोच नाही, मीच तो. चेहरामोहरा म्हणे बराचसा तसाच. कुणी त्याच्या पाया पडलं, कुणी त्याला तुरुंगात घातलं, कोकणातल्या किल्ल्यांनी त्याला दारं उघडून दिली. पुण्यात कारभाऱ्यांची झोप उडाली. सेनापतींना जवळून ओळखणारी माणसं बोलावली, त्यांच्याकडून खुणा तपासून घेतल्या, आणि शेवटी तोतया ठरवून त्याला शिक्षा झाली. ही हकीकत सांगितली त्या दिवशी मात्र मागच्या बाकावरचा एकजण उठून उभा राहिला. "सर, पण तो खराच असला तर?"

वर्गात पहिल्यांदा भांडण लागलं. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन त्याचा खेळच करून टाकला.

वारभर मांजरपाट आणला. त्यावर दौतीतल्या शाईनं मधोमध शनिवारवाडा काढला, भोवती किल्ले. खेळणारे दोघं, एक तोतया, एक कारभारी. साक्षीदार म्हणून शिंप्याकडून बटणं आणली, एकेका किल्ल्यावर एकेक. हत्तीचा माहूत म्हणजे कोटाचं मोठं काळं बटण, आचारी म्हणजे पितळी, सेनापतींची पत्नी म्हणजे मोत्यासारखं पांढरं. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले. काही पत्त्यांच्या कोऱ्या बाजूला शाईचा ठिपका, ती खरी खूण. बाकी कोरे, त्या थापा. तोतयानं एकेका साक्षीदारापुढं पत्ता पालथा टाकायचा आणि तोंडानं सांगायचं, ही माझी खूण, खरी. कारभाऱ्यानं एक तर "मानलं" म्हणायचं, म्हणजे साक्षीदार तोतयाकडं गेला. नाहीतर म्हणायचं "दाखवा!" पत्ता कोरा निघाला तर साक्षीदार कारभाऱ्याचा. ठिपका निघाला तर तोतयाला तो मिळेच, वर कारभाऱ्याच्या पदरचा आणखी एक. जास्त साक्षीदार ज्याच्याकडं, पुणं त्याचं.

एवढाच खेळ. पण खोटं बोलायची अधिकृत परवानगी मिळाली की माणसाला काय सुख होतं, ते त्यात कळायचं. हेडमास्तरांनी एकदा दाराशी उभं राहून हा जुगार नाही याची खात्री करून घेतली आणि मधल्या सुट्टीत स्वतःच तोतया होऊन बसले. आणि मी सांगतो, ते माझ्यापुढं काहीच नव्हते. तोतया म्हणून मला शाळेत कुणी हरवलेलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मला चांगली जमलेली ही पहिली गोष्ट, त्यामुळं ती चारचौघांत दाखवल्याशिवाय मला चैन पडेना. सगळा घोटाळा तिथूनच झाला.

लग्नाचं वय झालं होतं. मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, स्थळं आणायचे. दोन ठिकाणांहून आधीच नकार आला होता. एका घरी भिंतीवरच्या फोटोकडं बघून मी मुलीच्या वडिलांना म्हणालो होतो, "हे आपले वडील का? भारदस्त दिसतात." फोटो त्यांचाच होता. दुसऱ्या घरी मी काय बोललो ते मामांनी मला सांगितलंच नाही, फक्त कपाळावर हात मारून घेतला.

तिसरं स्थळ दौंडचं. मुलीचे वडील मालगाडीवर गार्ड होते. आम्ही शिरूरहून एसटीनं केडगाव स्टेशन गाठलं आणि तिथून पॅसेंजर धरली. मामांनी वाटभर मला पढवलं.

"तोंड उघडायचं ते शिऱ्यापुरतं. इचारलं तर हां, न्हाई तर न्हाई. भिंतीवर फोटू दिसला तर त्या भिंतीकडं पाठ करून बस."

"बरं."

"आन् ते कागदात गुंडाळून काय आणलंयस?"

"शाळेचं आहे. नकाशा."

मामांचा नकाशावर विश्वास बसला. शाळेत कुणी मला हरवत नव्हतं, ते असं.

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही टेकलो. मुलीच्या वडिलांना घरात सगळे आबा म्हणत, मीही तेच धरलं. शांत माणूस. बोलता बोलता बाहेरून एखादी गाडी गेली की बोलणं थांबवून ती पूर्ण जाऊ देत, शेवटचा डबा गेला की "हं" म्हणत, आणि मग राहिलेलं वाक्य जिथं सोडलं तिथून उचलत. मुलगी चहा घेऊन आली. तिनं बशी माझ्यापुढं ठेवली तेव्हा बशीवर कप जरासुद्धा वाजला नाही. मी तिच्याकडं धड बघितलंही नाही, पण दोन नकार पचवलेला माणूस मी, इथं तिसरा आला तर तो पचणार नाही हे मला त्या न वाजलेल्या कपावरूनच कळलं. आता हे कसलं कारण, असं तुम्ही म्हणाल. माझ्याकडं दुसरं नाही.

ती आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली. प्रश्न झाले. मी हां आणि न्हाईत पास होत आलो होतो. तेवढ्यात आबांनी विचारलं, "त्या गुंडाळीत काय हाय?"

"नकाशा हाय," मामा म्हणाले.

"खेळ आहे," मी म्हणालो. "मी केलेला."

मामांनी डोळे मिटले.

आबांना खेळाचं वेड. गाडी पोचवून परतीच्या गाडीची वाट बघत गार्ड लोक रनिंग रूमवर पडून असतात, तिथं सोंगट्या खेळून खेळून त्यांनी सगळ्यांना हरवलेलं. मांजरपाट पसरला, बटणं लावली. आबांनी एक पत्ता उचलून उलटा केला आणि मागचं वाचलं, "'...कृपाभिलाषी...' ह्ये कुणाचं लगीन?"

"जुनंय. पुढं घ्या."

ते कारभारी, मी तोतया. दोन पत्ते टाकले आणि माझ्या अंगात आलं. मामा बाजूला बसलेत, दाराशी कुणी उभं आहे, आपण मुलगी बघायला आलोय, सगळं विसरलो. माहुताच्या काळ्या बटणापुढं कोरा पत्ता टाकून म्हणालो, "यानंच मला लहानपणी हत्तीवर बसवलं. अंकुश लागला होता मांडीला, व्रण आहे अजून." आणि व्रण दाखवायला धोतराला हात घातला. मामा एवढे खोकले की आतून पाण्याचा तांब्या आला.

"मानलं," आबा म्हणाले.

आबा सावध खेळत होते, मीही ठिपक्याचा पत्ता मधेच सोडून त्यांना एकदा बुडवलं. शेवटी बरोबरी झाली. एकच साक्षीदार उरला, पांढरं बटण, सेनापतींची पत्नी. ती ज्याची, पुणं त्याचं. माझ्या हातात कोरा पत्ता. मी तो हळूच पालथा ठेवला.

आबांनी खूप वेळ पत्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"खरी हाय?"

"खरी."

"बघा हां, मास्तर."

आणि मी, देवानं दिलेली सगळी अक्कल वापरून, गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हणालो, "आईशप्पथ!"

आबा मागं सरकून बसले. "आईची शपथ घेतली म्हटल्यावर इषयच मिटला. मानलं."

मी पत्ता उलटा केला. "कोरा!" म्हणून टाळी वाजवली. टाळी एकट्याचीच वाजली.

बाहेरून एक गाडी गेली. चांगली लांब होती. शेवटचा डबा गेला तरी आबा "हं" म्हणाले नाहीत.

"अरं, माझी भन हाय ती!" मामा म्हणाले. "माझ्या म्होरं माझ्या भनीची खोटी शपथ घेतोस?"

"मामा, खेळ होता..."

"तुझा खेळ व्हतो, तिचा जीव जातो!"

आबांनी हात जोडले. "कळवतो," म्हणाले. आमच्याकडं "कळवतो"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. मी इतक्या घाईनं बाहेर पडलो की खेळ तिथंच राहिला.

घरी मामांनी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. आई शेंगा फोडत होती. तिनं स्थळाची चौकशी केली नाही, मुलीची केली नाही. एवढंच विचारलं, "शपथ कुणापाशी घेतलीस?"

"मुलीच्या वडिलांपाशी."

"मग त्यांनीच सुटली म्हणाय पायजे. दुसऱ्या कुणी म्हणून चालत न्हाई."

आमच्याकडं हा नियमच आहे. खोटी शपथ घेतली की ज्याला ती सांगितली त्यानं तोंडानं "सुटली" म्हणावं लागतं, नाहीतर ती ज्याच्या नावानं घेतली त्याच्या मानेवर बसून राहते. मी शिकलेला माणूस. मी आईला म्हणालो की असं काही नसतं. ती म्हणाली, "मी काय मरायला भेत न्हाई. पर सकाळधरनं तोंडाला चव न्हाई." आणि दोन भाकरी खाऊन आडवी झाली. दुसऱ्या दिवशी तिला शिंक आली, तर शेजारच्या बाया येऊन माझ्याकडं बघून गेल्या. शाळेत पोरंसुद्धा विचारायला लागली, "सर, आई बऱ्या आहेत ना?" एवढी काळजी त्यांनी इतिहासाची कधी केली नव्हती.

"लग्नाचं ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "आधी शपथ सोडवून आण."

मामांनी यायला साफ नकार दिला. रविवारी मी एकटाच निघालो.

आबा स्टेशनवरच भेटले. ड्यूटीवरून उतरून प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या नळावर तोंड धूत होते. मला बघून त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला, तोंड पुसलं, मग कान पुसले. मला बोलायला वेळ देत होते की पळून जायला, कळेना.

"आबा, आईची... ती शपथ..."

"सुटली, सुटली," ते लगेच म्हणाले. "त्या माउलीला कशापायी घोर? म्या त्याच दिवशी मनातल्या मनात म्हणलो व्हतो."

"मोठ्यानं म्हणावं लागतं."

"सुटली!" ते एवढ्या जोरात म्हणाले की पलीकडच्या फलाटावरचा हमाल सुटलेली गाडी बघायला वळला.

माझं काम झालं होतं. परतीची पॅसेंजर समोर उभी होती. आई जगणार होती. मी जायला हवं होतं. पण पाय निघेना.

"आणि स्थळाचं?" मी विचारलं.

आबांनी पंचा झटकला. "मास्तर, तुमी मानूस वाईट न्हाई. खेळात खोटं बोलावंच लागतं, त्ये बी मला कळतं. पर आमच्या कामात कसं असतं, ड्रायव्हर म्हणला सगळं ठीक हाय, तरी म्या चालत जातो, डबा न् डबा बघतो, मगच हिरवी दावतो. तुमच्या तोंडाकडं म्या तसा बघत व्हतो. कायबी दिसलं न्हाई. कोरा पत्ता टाका नायतर ठिपका, तोंड त्येच. अशा मानसाघरी पोरगी दिली आन् उद्या तिला कायतरी लपीवलं, तर तिनं वळखायचं कसं?"

मी शाळेत ज्या गोष्टीचा तोरा मिरवत होतो, तीच त्यांनी उचलून माझ्यापुढं पालथी ठेवली होती.

"तुमचा खेळ ऱ्हायलाय घरी," ते म्हणाले. "चला, तेवढा घेऊन जावा. च्या बी घ्या."

घरी मांजरपाट घडी करून ठेवला होता. मी तो कापून तसाच आणला होता, कडांचे धागे सुटायचे. आता चारी कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेल्या होत्या. मी त्या टाक्यांवरून बोट फिरवत बसलो, तेव्हा आतल्या दारातून आवाज आला.

"आबा, मला दिसत होतं."

आबा वळले. "काय दिसत व्हतं?"

"कोरा पत्ता टाकला की ते कप उचलून चहा पीत होते. कप रिकामा होता. मीच दिला होता, मला माहीत."

मी माझ्या हाताकडं बघितलं. हात मुकाट्यानं गुडघ्यावर पडला होता, जणू त्याचा काही संबंधच नाही.

"दर बारीला?" आबांनी विचारलं.

"दर बारीला. शपथ घेतली तेव्हा तर दोनदा प्यायले."

आबा हसले नाहीत. त्यांनी पट पसरला, बटणं लावली आणि उठून बाजूला बसले. "ये. खेळ बघू. म्या डबे मोजतो."

ती दारातून दोन पावलं पुढं आली आणि पटापासून हातभर लांब बसली. माझ्याशी थेट बोलायचा प्रश्नच नव्हता. खेळ आबांच्या मार्फत सुरू झाला. मी आबांना सांगायचो ही खूण खरी, ती आबांना सांगायची, "त्यांना म्हणावं, मानलं." मी आता शहाणा झालो होतो. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. कपाकडं बघितलंसुद्धा नाही. ठिपका टाकला. "आबा, त्यांना म्हणावं, मानलं." दुसरा ठिपका टाकला, तोही मानलं. म्हटलं, आता जमलं. माहुतापुढं कोरा पत्ता सरकवला, हाताला मांडीखालून फक्त तेवढ्यापुरतं बाहेर काढून.

"आबा, त्यांना म्हणावं, दाखवा."

कोरा. पुढचे दोन कोरे, दोन्ही वेळा दाखवा. ठिपका, मानलं. परत कोरा टाकला. या वेळी तिला आबांची आठवण राहिली नाही. पत्ता खाली टेकायच्या आतच माझ्याकडं बघून म्हणाली, "दाखवा!"

आबा खाकरले. ती लाजली, पण पत्त्यावरची नजर काढली नाही. मी दाखवला. पुणं गेलं.

मला वाटलं, आता आबा काहीतरी बोलतील. त्यांनी पत्ते गोळा करून पिसले आणि तिच्या हातात दिले. "आता तू तोतया हो. मास्तरला कारभारी करू."

कारभारी म्हणून मी फारसा खेळलोच नव्हतो. मला नेहमी तोतयाच व्हायचं असायचं. ती पत्ते टाकू लागली. फार बोलत नव्हती. "खरी," एवढंच म्हणायची, पापणी न हलवता, जशी शिऱ्यात साखर बरोबर आहे असं सांगावं. मी "मानलं" म्हणालो की कोरा निघायचा. "दाखवा" म्हणालो की ठिपका, आणि माझा एक साक्षीदार वर. एकदा ती किंचित अडखळली. मी मनात म्हटलं, सापडली, आणि मोठ्यानं "दाखवा!" म्हणून पुढं सरकलो. ठिपका. अडखळणं मुद्दाम होतं. आचारी गेला, माहूत गेला, किल्ल्यांनी दारं उघडली, पांढरं बटण तिनं बोटानं हळूच आपल्याकडं ओढून घेतलं.

आता आबा हसायला लागले. पोट धरून, आवाज न करता, खांदे नुसते हलत होते. बाहेरून गाडी गेली तरी त्यांना थांबता आलं नाही.

"मास्तर," डोळे पुसत ते म्हणाले, "म्या उगा पोरीची काळजी करत व्हतो. आता मला तुमची वाटाय लागली. नीट इचार करून सांगा. मागनं म्हणाल, आबानं सांगितलं न्हाई."

विचार करायला मला वेळ लागला नाही. हो म्हणालो. आबांनी तिच्याकडं बघितलं, ती खाली बघत पत्ते जुळवत होती, एकावर एक, सगळ्या लग्नपत्रिकांची छापील बाजू वर. मग मान हलवून आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. इतका वेळ त्या घरात भांड्याला भांडं लागलेलं मी ऐकलं नव्हतं.

घरी आईनं शपथ सुटल्याचं ऐकलं आणि तिच्या तोंडाला चव आली. आधीही गेली नव्हती, पण ते असो. मामा लग्नात सगळ्यांना सांगत फिरत होते की हे स्थळ त्यांनीच जमवलं. खेळ आबांनी ठेवून घेतला. गाडीवर जाताना तो त्यांच्या लाइन-बॉक्समध्ये, म्हणजे गार्डच्या पेटीत, असे, आणि रनिंग रूममधून त्याची एवढी कीर्ती झाली की लग्नाला आलेल्या गार्ड मंडळींना माझं नाव माहीत नव्हतं, पण मी नाव घ्यायला उभा राहिलो तेव्हा मागच्या रांगेतून सगळे मिळून ओरडले, "दाखवा!"

आता आमच्याकडं नवा मांजरपाट आहे, कडा शिवलेला. पावसाळ्यात शाळेला सुट्टी पडली की आम्ही खेळतो. मी हरतो. पहिल्या दिवशी कपानं घात केला हे मला कळलं. पण दुसऱ्या डावात मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो, तरी तिला कोरा पत्ता कसा ओळखू आला, ते तिनं अजून सांगितलेलं नाही. चहा देताना विचारून बघितलं, भांडण मिटल्यावर विचारून बघितलं, एकदा आजारी पडून विचारून बघितलं.

"सांगितलं तर तुम्ही सुधाराल," ती म्हणते, आणि पत्ते पिसायला घेते.